उन्हाळ्याच्या दुपारी उथळ पाण्यातला मासा जातो कुठे?

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर जुलै म्हणजे ऐन उन्हाळा. तिथे जुलैतल्या एखाद्या सकाळी, सूर्य नुकता वर येत असताना, समुद्रकाठच्या गुडघाभर पाण्यात मोठी गडबड चाललेली असते. बोयांचे घोळके उड्या मारतात, घाबरलेली कोळंबी पाण्यावर टपटप उसळते, मध्येच एखादं तांबूस शेपूट पाण्याबाहेर येऊन डुलतं. त्याच दिवशी अकरा वाजता त्याच जागी जा. गवत तेच, आमिष तेच, गरवणारा तोच, पण मासा एकही नाही. नवखा माणूस अशा वेळी ल्युअर, म्हणजे नकली आमिष, बदलतो. मग ल्युअरचा रंग बदलतो. मग शेजाऱ्याचं ल्युअर उसनं मागतो. बदलायला हवी असते जागा. आणि जागा ठरते तीन गोष्टींवरून: पाणी किती तापलंय, त्यात प्राणवायू किती उरलाय आणि भरती-ओहोटीने पाणी कुठून कुठे चाललंय.

हे सगळं ज्या पाण्याबद्दल आहे ते आधी डोळ्यांसमोर आणू. बेटांच्या आडोशाला, खाड्यांच्या तोंडाशी किंवा कांदळवनालगत काही ठिकाणी समुद्राचा तळ मैलोन्‌मैल जवळजवळ सपाट असतो. भरतीला तिथे कंबरभर पाणी, ओहोटीला घोट्याएवढं. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला असलेला फ्लोरिडा बे हा असाच सुमारे २,२०० चौरस किलोमीटरचा पसारा आहे आणि त्याची सरासरी खोली जेमतेम मीटरभर आहे. टेक्ससमधली लगुना माद्रे ही लांबलचक खाजणासारखी पट्टीही तशीच उथळ. बहामा बेटांभोवतीचे पांढऱ्या वाळूचे पट्टे तर जगभरातल्या गरवणाऱ्यांना माहीत आहेत. अशा तळावर बहुतेक ठिकाणी सागरी गवत असतं. गवतात कोळंबी, कुर्ल्या, छोटे मासे लपलेले असतात, म्हणून मोठा मासा तिथे जेवायला येतो. राहायला तो येतोच असं नाही, आणि उन्हाळ्यात तर येतच नाही. जेवून तो निघून जातो.

आधी ताप, मग श्वास

बहुतेक माशांचं शरीर स्वतःचं तापमान धरून ठेवत नाही. पाणी जितकं गरम, साधारण तितकाच मासा गरम. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीरातल्या क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. भूक वाढते, आणि त्याबरोबर प्राणवायूची गरजही वाढते. पंचाईत अशी, की नेमक्या त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो. गार सोड्याच्या बाटलीत वायू टिकून राहतो आणि कोमट बाटलीतून फसफसून निघून जातो, तसंच समुद्राचंही आहे. २० अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम ६.२. आकडे ऐकायला जवळचे वाटतात. पण गरज दुप्पट झालेली असताना पुरवठा सहाव्या हिश्शाने घटला, तर माशाचं गणित पार बिघडतं. पाण्यातला प्राणवायू लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे तिथे थांबूच शकत नाहीत.

उथळ पाणी तापतंही पटकन आणि निवतंही पटकन. खोल चराला दिवसभराचं ऊन फारसं जाणवत नाही. घोटाभर पाण्याचं मात्र दुपारपर्यंत आंघोळीचं पाणी होतं आणि पहाटेपर्यंत ते पुन्हा निवतं. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या मॅनाटी बे या उथळ भागातल्या एका तापमापकावर ३८.४ अंशांची नोंद झाली. माणसाच्या अंगापेक्षा जास्त ताप! तिथलं पाणी उथळ आणि गढूळ, तळ काळपट, त्यामुळे ती नोंद खुल्या समुद्राची समजता येणार नाही. पण आपला विषयही खुला समुद्र नाहीच.

इथवरचं ऐकून कुणीही म्हणेल, मग पहाटे जावं, पाणी गार असतं. हा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धाच बरोबर आहे.

सागरी गवत ही वनस्पती आहे. दिवसा उजेडात ते प्राणवायू तयार करतं. इतका, की भर दुपारी दाट गवतातलं पाणी प्राणवायूने काठोकाठ भरलेलं असू शकतं. रात्री ही निर्मिती थांबते, श्वसन मात्र चालूच राहतं. गवत, तळातले जिवाणू, कुर्ल्या, मासे, सगळेच रात्रभर एकाच साठ्यातून घेत असतात. त्यामुळे दाट गवताच्या, बंदिस्त, पाणी न हलणाऱ्या कोपऱ्यात प्राणवायू सर्वांत कमी कधी असतो? सूर्योदयाच्या जरा आधी. म्हणजे पाणी सर्वांत गार असतं, तेव्हाच ते सर्वांत ‘दमलेलं’ असतं. मग ऊन येतं, गवत कामाला लागतं, प्राणवायू चढू लागतो, आणि मागोमाग तापमानही चढू लागतं. या दोन चढांच्या मधल्या फटीत, सूर्योदयानंतरच्या पहिल्या काही तासांत, उथळ पट्ट्यावर जेवणं उरकली जातात. अंधारात पोचायची घाई करायचीच असेल तर बंदिस्त कोपऱ्याऐवजी वाहत्या पाण्याच्या काठाशी उभं राहावं. तिथे रात्रभर नवं पाणी येत असतं.

श्वासाची ही ओढाताण डोळ्यांनी बघायची असेल तर अलाबामा राज्यातल्या मोबाइल बेच्या पूर्व किनाऱ्यावर ती अधूनमधून घडते. उन्हाळ्यातली पहाट, वारा अगदी मंद आणि पूर्वेकडचा, पाणी स्तब्ध, भरती चढती. खाडीच्या तळाशी साचलेलं खारट, जड, प्राणवायू संपलेलं पाणी भरतीबरोबर किनाऱ्याकडे सरकतं. त्याच्यापुढे पळता पळता चपटे फ्लाउंडर मासे, कुर्ल्या आणि कोळंबी काठावरच्या बोटभर पाण्यात येऊन ढीगभर गोळा होतात. तिथले लोक याला जुबिली म्हणतात आणि टोपल्या घेऊन धावतात. त्या जिवांना मात्र उत्सवाशी काही देणंघेणं नसतं, त्यांना श्वास हवा असतो. यातून गरवणाऱ्याने घ्यायचं ते इतकंच, की ‘खोल म्हणजे गार, आणि गार म्हणजे मासा’ हे समीकरण नेहमी जुळत नाही. खोल खड्ड्यात पाणी हलत नसेल तर तळाशी श्वासच नसतो.

गवतालाही हा खेळ झेपतोच असं नाही. फ्लोरिडा बेमध्ये १९८७ पासून पुढे आणि पुन्हा २०१५ मध्ये सागरी गवत मोठ्या प्रमाणावर मेलं. गोड्या पाण्याचा पुरवठा कमी, म्हणून खारटपणा जास्त. त्यात कडक ऊन आणि रात्री प्राणवायूचा तुटवडा. अशा वेळी तळातल्या चिखलातलं विषारी सल्फाइड मुळांत शिरतं. मेलेलं गवत कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं. म्हणून गवताच्या पट्ट्यावरून मोटरबोट रेटणाऱ्याचा मला राग येतो. पंख्याने कापलेली टर्टल ग्रास या सागरी गवताची मुळं भरून यायला कित्येक वर्षं लागतात आणि ते चरे विमानातूनही दिसतात. कमी पाण्यात इंजिन वर उचलून लांब काठीने होडी ढकलणं हे नुसतं शांततेसाठी नसतं.

या सगळ्याला एक ठळक अपवाद आहे टार्पन. चांदीच्या पत्र्यासारख्या खवल्यांचा हा माणसाएवढा मासा पाण्यावर येऊन हवा गिळतो आणि त्याची पोटातली हवेची पिशवी फुप्फुसासारखं काम करते. बाकीच्यांचा जीव घुसमटतो त्या पाण्यातही तो निवांत असतो. भर उन्हाळ्यात शांत पाण्यावर एखादी पाठ हळूच वर येऊन चमकून गेली, तर तो बहुधा श्वास घ्यायला आलेला टार्पन.

पाणी हलतं तेव्हा

तापमान आणि प्राणवायू मासा कुठे राहू शकतो ते ठरवतात. तो तोंड कधी उघडणार, हे मात्र बरंचसं भरती-ओहोटी ठरवते, आणि या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मी हाच समजतो.

भरती-ओहोटी चंद्रामुळे आणि थोडी सूर्यामुळे होते, भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि अष्टमीच्या आसपास भांगाची मवाळ भरती असते, हे आपल्याकडे समुद्राजवळ न राहणाऱ्यालाही ठाऊक असतं. कमी ठाऊक असलेली गोष्ट ही, की सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब बाराव्या हिश्शांचा आहे. पहिल्या तासात एकूण चढाचा एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा एकूण फरक ६० सेंटिमीटरचा आहे. मग पहिल्या तासात पाणी ५ सेंटिमीटर चढेल, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात १५-१५.

१५ सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही. पण तळ सपाट आहे हे विसरू नका. तळाचा उतार पाचशे मीटरला एक मीटर असेल, तर १५ सेंटिमीटर पाणी उतरताच पाण्याची कड ७५ मीटर मागे सरकते. तासाभरात! कुर्ल्या-कोळंबीच्या दृष्टीने घराचं छप्परच उडालं म्हणायचं. गवतात दडलेला हा सगळा खाऊ ओहोटीबरोबर खाली सरकतो, छोट्या ओघळांत गोळा होतो आणि ओघळ जिथे खोल चराला मिळतो तिथून रांगेने बाहेर पडतो. त्या तोंडाशी मासा उभा असतो. त्याला पळापळ करायची गरज नसते. प्रवाहाकडे तोंड करून नुसतं थांबायचं. खाऊ आपणहून येतो. म्हणून आमिष टाकायचं ते प्रवाहाच्या वरच्या बाजूला, वाहत वाहत माशाकडे जाईल असं. माशाच्या मागून त्याच्याकडे धावत येणारी कोळंबी त्याने आयुष्यात पाहिलेली नसते. तो ती खाणार नाही, पळून जाईल.

भरतीचं चित्र याच्या उलट. पाणी चढू लागलं की मासा चरातून बाहेर पडून चढत्या कडेबरोबर पट्ट्यावर शिरतो, काही तासांपूर्वी उघड्या पडलेल्या तळावरचं ताजं जेवण शोधत. रेडफिश डोकं खाली करून चिखलात नाक खुपसतो आणि त्याचं शेपूट वर येतं, ते याच वेळी. पाणी जास्त झालं की मासा कांदळवनाच्या मुळांत किंवा किनाऱ्याच्या गवतात इतका आत शिरतो, की गळ पोचतच नाही. पाणी अजिबात हलत नाही तो मधला काळ मी सरळ डबा खाण्यासाठी ठेवतो.

उन्हाळ्यात आणखी एक वळण आहे. दुपारी येणारी भरती खोल समुद्रातलं तुलनेने गार आणि ताजं पाणी आत आणते, त्यामुळे तापलेल्या पट्ट्याच्या समुद्राकडच्या कडेला दुपारीही हालचाल दिसू शकते. दुपारची ओहोटी उलट तापलेलं पाणी खाली चरात ओतते. अशा वेळी ओघळाच्या तोंडाशी उभं राहून फारसं काही लागत नाही, मासा तोंडापासून दूर, खोल चराच्या सावलीच्या बाजूला गेलेला असतो. पहाटेची ओहोटी मात्र रात्रभर निवलेलं पाणी घेऊन येते. तेच तोंड, तीच ओहोटी, घड्याळ वेगळं आणि निकाल वेगळा. भरतीचं कोष्टक एकट्याने वाचून उपयोग नाही ते याचमुळे.

कोष्टकाबद्दल आणखी दोन गोष्टी. अमेरिकेत नोआ ही सरकारी संस्था भरतीचे अंदाज देते, पण ते ठरावीक ठाण्यांचे असतात. खाडीच्या तोंडाशी भरती आली म्हणजे आत दहा किलोमीटरवरच्या पट्ट्यावर ती तेव्हाच आली असं नव्हे. ती तास-दोन तास मागे असू शकते. आणि मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी दिवसातून एकच भरती आणि एकच ओहोटी असते, तीही मीटरभराच्या आतली, त्यामुळे वरचा सहा तासांचा हिशेब तिथे चालत नाही. लगुना माद्रेमध्ये तर चंद्रापेक्षा वाऱ्याचंच जास्त चालतं. वारा एका बाजूने दोन दिवस लागला, की पाणी दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं. तिथे हवामानाचा अंदाज हेच भरतीचं कोष्टक.

कोण कुठे

सगळे मासे सारखे वागत नाहीत. रेडफिश आणि स्पॉटेड सी ट्राउट हे दोघं घोळ आणि ढोमी ज्या कुळातले, त्याच कुळातले, आवाज काढणारे. पण रेडफिश पोटाला पाणी लागेल इतक्या उथळात शिरतो आणि उन्हाला बराच वेळ दाद देत नाही. सी ट्राउट नाजूक. सूर्य वर आला की तो मीटर-दीड मीटर खोल गवताकडे सरकतो आणि गवतातल्या वाळूच्या उघड्या खळग्यांच्या कडेला, गवताच्या सावलीत, दबा धरून बसतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्यांचे नर ढोलकीसारखा आवाज काढून माद्यांना बोलावतात. स्नूकही उन्हाळ्यात विणीसाठी खाड्यांच्या समुद्राकडच्या तोंडांजवळ जमतो. त्याची गंमत म्हणजे तो आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा स्नूक बहुधा मादीच. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या महिन्यांत स्नूक घरी नेण्यावर बंदी असते ती याच विणीसाठी.

रेडफिशचा नियम वेगळ्या तर्काचा आहे. फ्लोरिडात १८ इंचांपेक्षा लहान आणि २७ इंचांपेक्षा मोठा रेडफिश ठेवता येत नाही. लहान सोडायचा हे सहज पटतं, मोठा का? कारण उथळ पाण्यातले रेडफिश बहुतांशी तरुण असतात. वयात आले की ते पट्टे सोडून खुल्या पाण्यात जातात आणि पुढे कित्येक वर्षं वीण करत राहतात. एकेका मोठ्या मादीची अंडी लाखांनी मोजावी लागतात. मधल्या आकाराचे काही उचलले तरी चालतं, वरचे नाहीत. बोनफिश तर फ्लोरिडात २०१३ पासून ठेवताच येत नाही. पकडायचा आणि सोडायचा. नियम राज्यागणिक आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा जाण्याआधी त्या त्या राज्याचं ताजं पत्रक वाचणं भाग आहे.

मासा दिसण्याआधी त्याचे सोबती दिसतात. बोयांचा घोळका शांत चरत असेल तर काही नाही. तो एकदम एका बाजूला फाकला तर खाली कुणीतरी आहे. पाकट तळ उकरत चाललं असेल तर त्याच्या मागच्या गढूळ पट्ट्यावर नजर ठेवा. त्याने उठवलेल्या कुर्ल्या टिपायला दुसरे मासे त्याच्या मागे मागे फिरतात. फुकटचं जेवण कुणाला नको?

बघणं आणि दिसणं

उथळ पाण्यातली खरी मजा मासा आधी बघून मग गळ टाकण्यात आहे. पण पाण्यावरची चकाकी डोळे दिपवते. पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा एकाच दिशेने कंप पावणारा असतो, आणि पोलराइज्ड चष्मा नेमका तोच अडवतो. पाण्याकडे सरळ खाली न बघता तिरकं, उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांच्या कोनात बघितलं तर हा चष्मा सर्वांत चांगलं काम करतो. उथळ पाण्यासाठी तांबूस किंवा पिवळट काच. करडी काच खोल समुद्रावर शोभते.

चष्मा आहे, पण ऊन हवं, आणि तेही पाठीमागून. म्हणजे साधारण नऊनंतर. इथेच उन्हाळा आपल्याला पेचात टाकतो: मासा सर्वांत जास्त असतो तेव्हा तो दिसत नाही, आणि दिसू लागतो तोवर निघायच्या बेतात असतो. म्हणून पहाटे कानांनी आणि पाण्याच्या हालचालीवरून गरवायचं, डोळ्यांवरचं गरवणं नऊ ते अकरा.

आपल्याला मासा दिसतो, तसे आपणही त्याला दिसतो. पाण्याखालून वर बघताना बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत मावतं. क्षितिजाजवळचं सारं त्या खिडकीच्या कडेला चेपून बसतं. होडीवर ताठ उभा माणूस त्या खिडकीत ठळक येतो. पाण्यात उतरून, वाकून, दूर उभा असलेला कडेच्या गचडीत हरवतो. आवाजाचं तर विचारूच नका. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि होडीच्या तळावर पडलेला चिमटा माशाच्या दारात पडल्यासारखाच असतो.

साहित्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. सात फुटी मध्यम-हलका रॉड, २५०० किंवा ३००० मापाचं स्पिनिंग रील, दहा पौंडी विणलेली दोरी आणि टोकाला २० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि गळ यांच्यामधला तुकडा. स्नूक असेल तर त्याच्या गालाच्या धारेसाठी ३० पौंडी. पहाटे पाण्यावर तरंगणारं ल्युअर, ऊन चढल्यावर गवतात न अडकणारा सोनेरी स्पून (चमच्यासारखं धातूचं ल्युअर) किंवा मऊ रबरी कोळंबी. मीटरभर खोल गवतावर ‘पॉपिंग कॉर्क’खाली जिवंत कोळंबी: झटका दिला की कॉर्क पाणी पिऊन ‘पॉक्’ करतो आणि माशाला वाटतं कुणीतरी जेवतंय. बस.

सोडायचा मासा

गरम पाण्यात पकडून सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे वाचला असं नाही. झगडताना त्याचे स्नायू प्राणवायूशिवाय काम करतात, त्यांत लॅक्टिक आम्ल साचतं, आणि ही उधारी नंतर श्वास घेऊन फेडायची असते. फेडायची कशातून? त्याच तापलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातून. म्हणून उन्हाळ्यात फार हलकी दोरी वापरून मासा अर्धा तास खेळवणं याला मी कौशल्य मानत नाही. जरा जाड दोरी घ्या, लवकर आणा, गळ पाण्यातच काढा. गळाचा काटा आधीच चेपून ठेवला किंवा सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरला तर हे काम काही सेकंदांचं होतं. फोटोच हवा असेल तर हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, क्षणभर. सोडताना मासा प्रवाहाकडे तोंड करून धरा आणि पाणी तोंडातून कल्ल्यांकडे जाऊ द्या. पुढे-मागे हलवत बसू नका, कल्ल्यांची रचना उलट्या पाण्यासाठी नाही. आसपास शार्क फिरत असेल तर जागाच बदला. दमलेला बोनफिश शार्कला लांबूनही कळतो.

पाणी पायाला गरम लागू लागलं की मी सोडण्यासाठी पकडणं बंद करतो. हा नियम कुठल्या पत्रकातला नाही, माझा आहे.

माणसाच्या जिवाचं

उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापते, समुद्रावरचा वारा आत शिरतो आणि फ्लोरिडासारख्या ठिकाणी जवळजवळ रोज गडगडाटी ढग उभे राहतात. सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्ही, आणि तुमच्या हातात विजेचा उत्तम वाहक असलेला कार्बनचा रॉड. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेवढं मोजत बसण्यापेक्षा गडगडाट कानावर पडला की निघावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परतू नये.

पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नका, तळावरून घासत सरकवा. वाळूत पुरून बसलेलं पाकट पायाचा स्पर्श झाला तर निघून जातं. वर पाय पडला तर शेपटीचा विषारी काटा मारतं. काटा लागलाच तर वेदनेवर उपाय आहे गरम पाणी: भाजणार नाही पण सोसेल इतकं, साधारण ४५ अंशांचं, अर्ध्या ते दीड तास. ते विष उष्णतेने निकामी होतं. काटा आत अडकला असेल, किंवा छाती-पोटाला लागला असेल, तर तो ओढून न काढता थेट डॉक्टरकडे. आणि अंगावर उघडी जखम असेल तर कोमट मचूळ पाण्यात उतरूच नका. व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू अशाच पाण्यात फोफावतो, यकृताचा आजार असलेल्यांना तो विशेष घातक, आणि जखम काही तासांत लाल होऊन सुजू लागली तर उद्यापर्यंत थांबायची गोष्ट ती नव्हे.

दोन दिवस, एकच पट्टा

आता हे सगळं एकत्र लावून बघू. जिथे दिवसात दोन भरत्या असतात असा एक पट्टा घ्या. समजा भरतीची कमाल पहाटे पाचला आहे. मग सहा-साडेसहाला पाणी उतरू लागलेलं, सातनंतर ओढ जोरात. रात्रीचं निवलेलं पाणी ओघळातून बाहेर पडतंय, ऊन कोवळं आहे, गवत प्राणवायू बनवू लागलंय. सरळ ओघळाच्या तोंडाशी उभं राहा आणि नऊपर्यंत तिथून हलू नका. दहा-अकराला पट्टा उघडा पडेल, तेव्हा खोल चराच्या कडेने, वाहत्या पाण्यात, तळाशी आमिष न्या किंवा घरी जा.

आता असा दिवस घ्या, की भरतीची कमाल दुपारी बाराला आहे. पहाटे सहाला ओहोटी संपत आलेली. पट्ट्यावर घोटाभर, दमलेलं, न हलणारं पाणी. या दिवशी पाचला उठून काही साधत नाही. साडेसात-आठला पाणी चढायला लागेल, आणि चढत्या कडेबरोबर रेडफिश आत येतील, तेही पाठीवर ऊन आणि डोळ्यांवर चष्मा असताना. हे आठ ते साडेदहा म्हणजे उन्हाळ्यातली बघून गरवण्याची सर्वांत चांगली वेळ. बारा ते तीन सावलीत. दुपारनंतरची ओहोटी तापलेलं पाणी खाली आणेल, त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. मात्र दुपारी ढग येऊन जोराची सर पडली आणि नंतर आकाश स्वच्छ झालं, गडगडाट थांबून अर्धा तास उलटला, तर पाणी वरून निवलेलं असतं. मग पाच वाजता, ओहोटी सरायच्या आत, ओघळाच्या तोंडाशी तरंगतं ल्युअर एकदा टाकून बघायला हरकत नाही.